बांधावर उभं राहून ऐकलेलं

तुळशीची लग्नं लागली की आमच्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात दोन सीझन एकदमच उघडतात. एक साखर कारखान्याचा आणि दुसरा लग्नांचा. पहिल्याची खबर नाकाला लागते. सकाळी दार उघडलं की गारव्याबरोबर मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरतो आणि मग चार महिने मुक्कामाला राहतो. दुसऱ्याची खबर कानाला लागते. कुठल्यातरी वस्तीवर कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारतं, "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतं, आणि मी अजूनही हातातलं काम थांबवतो.

परवा इंदापुरात तहसील कचेरीसमोर माझ्या टेबलाशी बसलो होतो. अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. एका बाईंचा वारसनोंदीचा अर्ज निम्मा झाला होता, तेवढ्यात उसाचे दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढा बॉक्स बांधलेला, आणि त्यातून निघणारं गाणं म्हणजे नुसता धक्का, शब्द कुठले आणि चाल कुठली. टेबलावरचा स्टॅम्प पॅड थरथरला. बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आत्ता गं बाई, काळीज हाललं की माझं!" मी हसलो. मोठ्या आवाजानं माझं काळीज कधीच हललेलं नाही. ते हललं होतं एका अगदी साफ, नेमक्या, मध्यम आवाजानं, आणि त्याला आता सहा वर्षं झाली.

त्याच संध्याकाळी कळंबच्या एका मास्तरांचा फोन आला. चार-पाच जणांचा छोटा बँड काढताहेत, गाणी म्हणणार, हौसेचा मामला. "अण्णा, आमच्या ऐपतीत बसंल असा साउंड सेट सांगा. तुमाला त्यातलं कळतं म्हनत्यात." कळतं, हे खरं आहे. मी त्यांना सांगितलं की बॉक्स दोनच घ्या पण बरे घ्या. वॅटच्या आकड्याला भुलू नका, तो आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. माइकवर आणि वायरीवर हात आखडू नका. मिक्सरला माइक जोडायची घरं तुमच्या गरजेपेक्षा दोन जास्त असू द्या. आणि दुकानात ऐकून कधीही ठरवू नका, दुकानात सगळंच चांगलं वाजतं. मोकळ्या रानात लावा आणि लांब उभं राहून ऐका. मास्तर लिहून घेत होते. "लांब कुनाला उभं करायचं?" त्यांनी विचारलं. तेवढं मात्र मला सांगता आलं नाही.

आमचा बँड म्हणजे चार माणसं. पांडुरंगतात्या पेटीवर, बँड त्यांचाच. कळंबच्या बाहेर त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बाग जोपासावी तशी ते पेटी वाजवतात, घाई नाही, गडबड नाही. बबन ढोलकीवर. इंदापुरात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं वायर जिथं म्हणून आहे तिथं बबन. मिक्सर त्याच्या डाव्या हाताशी असायचा. शैला बावड्याची, दिवसभर ब्लाउज शिवते आणि लग्नाची तारीख असली की स्कूटीवर माइकची पिशवी अडकवून येते. आणि चौथा मी, सुभाष, सगळ्यांचा अण्णा. मी गायचो. अर्ज लिहिणारे तालुक्याला वीस असतील, पण पाठवणीचं गाणं म्हणणारा मी एकटा, अशी माझी समजूत होती आणि तिच्यावर मी जगत होतो.

ते गाणं तात्यांनी स्वतः बांधलेलं. "लेक निघाली वाटंला, दारी थांबली सावली." बस, एवढीच ओळ घोळवत जायची. शेवटी "सावली"वर सूर वर चढवायचा आणि तिथंच धरून ठेवायचा, नवरी गाडीत बसेपर्यंत. तो वरचा सूर ही माझी मिरास होती. माणसं त्याच्यासाठी थांबायची. जेवून हात धुवून निघालेली माणसं परत वळून मांडवाच्या खांबाला टेकायची. बावड्याला एका लग्नात फेटेवाले एक म्हातारबाबा डोळे पुसत पुढं आले आणि त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर ठेवला. तो टॉवेल मी कधी वापरला नाही. घडी करून कपाटात ठेवला, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच असायची.

आमचा जुना सेट तात्यांच्या उमेदीतला. एक ॲम्प्लिफायर, दोन उभे कॉलम आणि लांबच्यांसाठी एक कर्णा. चालू केला की आधी पाच मिनिटं शूऽऽ असा आवाज यायचा, मग आम्ही. माइकला ओठ टेकला तर झिणझिण्या यायच्या, म्हणून माझी वीतभर अंतर ठेवून गायची सवय. शेवटच्या वर्षी इंदापूरच्या एका कार्यालयात ऐन मंगलाष्टकात तो गेला. भटजींचा आवाज मधेच बंद, ॲम्प्लिफायरमधून धुराची रेघ, आणि मागच्या चारशे माणसांना "सावधान" कुठं आलं तेच कळेना. काहींनी आधीच अक्षता टाकल्या, काहींनी मूठ तशीच धरून ठेवली, एक मामा तर चिडून म्हणाले, "लागलं का न्हाय लागलं लगीन, कुनीतरी सांगा की!" नवरदेव हसायला लागला, नवरीही. आम्ही मात्र माना खाली घालून वायरी गुंडाळल्या.

म्हणून सेट घ्यायला बारामती. एसटी स्टँडच्या मागं बबनच्या ओळखीचं दुकान होतं. आत शिरलो तर चारही भिंतींना बॉक्सच बॉक्स, आणि किमतीची चिठ्ठी वाचून तात्या उभ्या उभ्या गार. "आरं, ह्यात ट्रॅक्टरचं मागचं टायर येतंय," ते बबनच्या कानात म्हणाले, पण तात्यांचं कानातलं बोलणं रस्त्यापर्यंत जातं. दुकानदार हसला. आमच्या आवाक्यात बसतील असे दोनच सेट निघाले. एक काळा, अंगानं थोराड, बेस भरपूर, मिक्सरला नुसतं बटण फिरवलं की मंदिरात गायल्यासारखा घुमारा. दुसरा करड्या रंगाचा, अंगानं बारका, दिसायला अगदीच गरीब. त्याच्या मिक्सरला सहा घरं होती, काळ्याच्या चारच. बबनला करडा आवडला, तात्यांना काळा. "लग्नात पोटात वाजलं पायजे," असं तात्यांचं म्हणणं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "दोन्ही घेऊन जावा, रानात वाजवा, नको असंल तो उद्या आणून द्या."

आमच्याकडं सेट पारखायची एक रीत आहे. लग्नं पुष्कळदा वस्तीवर, रानातच होतात. मांडव एकीकडं, जेवणाची पंगत दुसरीकडं, गाड्या तिसरीकडं. तेव्हा सेट लावायचा आणि एकानं लांब बांधावर जाऊन उभं राहायचं, शेवटची पंगत जिथं बसेल तेवढ्या अंतरावर. तिथून तो फोनवर सांगणार, बेस कमी करा, पेटी वर घ्या. आणि शेवटी तो म्हणेल तोच सेट घ्यायचा, बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. तात्यांनी हा नियम फार वर्षांपासून पाळलेला. त्या दिवशी बांधावर कोण, हा प्रश्नच नव्हता. "सुभाष जाईल. त्याचा कान चांगला हाय," तात्या म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपार होती. थंडीतली दुपार आमच्याकडं दुधासारखी कोमट असते. पाटाला पाणी सुटलं होतं, त्याचा ओला वास. डाळिंबाला लिंबाएवढी फळं धरलेली. शेतीची लाइट नव्हती, म्हणून फळं भरायच्या शेडमध्ये जनरेटर लावला होता आणि मिक्सर, पेटी, ढोलकी सगळं त्या शेडमध्येच. बॉक्स मात्र बाहेर, चांगले चाळीस-पन्नास पावलं पुढं, ट्रॉलीवर, रानाकडं तोंड करून. जनरेटर असा धडधडत होता की शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. मी चालत पार शेवटच्या बांधावर गेलो. पलीकडच्या वावरात दोन बाया कांदा खुरपत होत्या. त्यांनी मला पाहिलं, मी बॉक्सकडं बोट दाखवलं. "वाजवा वाजवा," त्यातली एक म्हणाली, "तेवढीच करमनूक."

आधी काळा. पेटी आली, ढोलकी आली, जमीन हलल्यासारखं वाटलं. शैलानं पाठवणीचं गाणं धरलं, नुसतं चाचणीपुरतं. आवाज मोठा होता, भरलेला होता, पण "वाटंला" आणि "सावली" यांत मला फरक कळेना. सगळ्याला एकच गोड गिलावा. खुरपणाऱ्या बाईनं मान हलवली, म्हणजे आवडला असावा. मी फोनवर म्हणालो, "बरा हाय. दुसरा लावा."

मग करडा. आणि मी दचकलोच. पहिला सूर यायच्या आधी शैलानं घेतलेला श्वास मला ऐकू आला. एवढ्या लांब, उघड्या रानात, एका बाईचा श्वास. बबनच्या बोटातली अंगठी ढोलकीच्या कडीला लागते, तो टिक्‌ आवाज. पेटीचा भाता उघडताना होणारी बारीक करकर. वीस वर्षं ही माणसं माझ्या हाताच्या अंतरावर वाजवताहेत आणि हे मी कधीच ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, आपण आजवर गोधडी डोक्यावर घेऊन गाणं ऐकत होतो. मी डोळे मिटून उभा राहिलो. आता ह्याच्यातून आपला वरचा सूर कसा जाईल, तेही मनात येऊन गेलं.

गाणं थांबलं. कॉर्डलेस माइक शैलाच्या हातात होता आणि तो बंद करायचं ती विसरली. जनरेटरच्या धडधडीत शेडमधल्या कुणालाच कळत नव्हतं की ट्रॉलीवरून काय वाजतंय. मला मात्र ती धडधड ऐकू येत होती आणि तिच्यावरून, शेजारी बसून बोलावं तसे, तात्या.

"लई साफ हाय रं ह्यो. लई साफ."

"तिथंच तर घोळ हाय तात्या," बबन. "ह्यात अण्णांचं झाकायचं कसं?"

कोण अण्णा, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. तालुक्यात अण्णा काय थोडे आहेत?

"दोन सीझन झालं, पाठवनीच्या गान्याला मी त्यांचं बटण निम्म्याखाली ठीवतोय. जुन्या सेटात कुनाला कळलं न्हाय. ह्यात पोरासोरांनाबी कळंल, तोंड हालतंय आन्‌ आवाज न्हाय."

"वरच्या सुराला मी हायच की मागनं," शैला.

"तू हायस म्हनूनच निभावलं, पोरी. पर ह्या करड्यात तुजा आवाज येगळा पडंल. शेवटच्या पंगतीतला माणूसबी म्हनंल, गातंय कोन आन्‌ तोंड कोन उघडतंय." तात्या थांबले. मग म्हणाले, "काळाच घ्यू. त्याचा घुमारा बरा, समदं पोटात घेतो. सुभाषला कळायला नगं. माझ्यानं त्याच्या तोंडावर सांगवायचं न्हाय."

"पर बांधावर त्येच हायत. त्ये म्हनत्याल तो घ्यायचा की."

"आन्‌ त्यांचा कान चांगला हाय," शैला म्हणाली. "त्ये करडाच म्हनत्याल."

पलीकडं खुरपी थांबली होती. दोघी बाया मान वर करून माझ्याकडं बघत होत्या. मग एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि दोघी पुन्हा वाकल्या, नको इतक्या मन लावून. बांधावर बसावं म्हणून वाकलो तर बसताच येईना, तसाच निम्मा वाकून उभा राहिलो.

फोन वाजला. तात्या.

"सुभाष, कसा येतोय आवाज?"

"येतोय."

"शब्द कळत्यात का?"

"कळत्यात," मी म्हणालो. "समदे कळत्यात."

"मग कुठला घ्यायचा, सांग. घाई न्हाय. काळ्याला घुमारा चांगला हाय बरं का."

मी म्हणालो, थांबा, सांगतो. फोन ठेवला. त्या पाच-सात मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला नीट क्रमानं कधीच मांडता आलं नाही, आणि मी तर क्रमानं मांडण्याचाच धंदा करतो. लोक माझ्यासमोर बसून रडतात, भांडतात, भावाला शिव्या देतात, आणि मी म्हणतो, बाई, आधी काय झालं, मग काय झालं, तेवढं सांगा. माझं मात्र सगळं एकदम झालं. आधी राग आला. दोन वर्षं! माझ्या पाठीमागं बसून माझंच बटण खाली! मग बावड्याचा तो टॉवेल आठवला, तोही ह्याच दोन सीझनांतला. म्हातारबाबा रडले होते शैलाच्या आवाजाला, आणि टॉवेल मी घेऊन आलो होतो.

आणि मग ते आठवलं, ज्यानं मला आजही उठून पाणी प्यावंसं वाटतं. मागल्या सीझनला बारामतीच्या एका लग्नात मला माझ्या सुरात शैलाचा आवाज मिसळलेला पुसट ऐकू आला होता. गाणं संपल्यावर, वऱ्हाडाच्या देखत, मी तिला म्हणालो होतो, "माझ्या ओळीत तोंड घालत जाऊ नगंस. ज्याचं त्यानं म्हनावं." ती एवढीशी झाली. "चुकलं अण्णा," म्हणाली. आणि पुढच्या लग्नात पुन्हा माझ्या मागं उभी राहून, मला ऐकू जाणार नाही असं बेतानं, तिनं तो सूर लावला असणार. त्याच्याही पुढच्या लग्नात. चुकलं म्हणून झाल्यावरही.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो, डोक्याच्या हाडांतून. बाहेर काय जातंय ते त्याला कोण सांगणार? कॉलम लोकांकडं तोंड करून, मी कॉलमच्या मागं. पन्नाशी उलटली, घसा बसायला लागला, थंडीत सकाळी खाकरावं लागतं, हे सगळं मला माहीत होतं. बायकोनं दोनदा विचारलंही होतं, घशाला काही होतंय का. पण मांडवात उभा राहिलो की आतला आवाज तोच असायचा, तीस वर्षांच्या माणसाचा. कान चांगला म्हणे. दुसऱ्यासाठी असेल चांगला.

काळा म्हणावं का, हा विचार मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला. सगळ्यांची सोय होती त्यात. काळा म्हणालो असतो तर मी काही ऐकलंच नाही असं झालं असतं, आणि सीझनभर मी पुढं उभा राहून तोंड हलवलं असतं, शैलानं मागून गायलं असतं, कपाटात आणखी टॉवेल जमले असते. फक्त मला ते ठाऊक असतं. मी फोन लावला.

"करडा," मी म्हणालो.

"नीट ऐकलंस न्हवं? परत एकदा काळा लावू का?"

"करडा, तात्या."

परत येताना बाग ओलांडायला मला फार वेळ लागला असावा. शेडच्या दारात पोचलो तर तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते. माझी नजर शैलाच्या हातातल्या माइकवर गेली. बारका हिरवा दिवा चालूच होता. तिनं माझ्या नजरेमागं बघितलं, बटण दाबलं, दिवा गेला, आणि मग तिला उमगलं. मी कुणाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली, "ह्यो चालू व्हता."

बबननं ढोलकीवरून हात काढून घेतले. तात्या पेटीच्या खोक्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी ओरडले, कारण जनरेटर होता आणि कारण दुसरं काही सुचत नव्हतं. "कळलं तर कळलं! काळाच घ्यायचा! बँड माझा हाय!"

"बांधावरचा म्हनंल तो," मी ओरडलो.

"नियम मीच केला, मीच मोडतो!"

"माझ्यापायी गावोगावच्या लोकांना चिखल ऐकवनार काय तुमी?"

"व्हय, ऐकवनार! माझी मर्जी!"

असं भांडण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिघं जण वाईट सेटासाठी भांडत होते आणि मी चांगल्यासाठी, आणि डोळे चौघांचे भरलेले. बबन तर म्हणाला, करड्यालाही घुमारा बसवता येतो, वेगळा डबा मिळतो, जोडून देतो, अण्णा, तुमी काळजी करू नगा. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. "माझ्या तोंडावर एकानं बोलायचं हुतं," मी म्हणालो. "एकानं तरी."

आता आमच्या बँडात पाठवणीचं गाणं शैला म्हणते. पुढं उभी राहून म्हणते, करड्या सेटातून, आणि शेवटच्या पंगतीत तिचा श्वाससुद्धा पोचतो. मिक्सर माझ्याकडं आहे. खालच्या पट्टीतली दोन गाणी अजून माझी आहेत, तेवढी मला येतात. बावड्याचा टॉवेल मी तिला नेऊन दिला. तिनं तो घेतला, मशिनीवर पांघरून ठेवला, धूळ बसू नये म्हणून. नव्या तारखा निघाल्या की दर वर्षी बबन विचारतो, अण्णा, एखादं वरचं म्हणणार का. दर वर्षी मी त्याला शिवी देतो. सीझन असा सुरू होतो.

पण ती दुपार तिथं संपली नव्हती. भांडण चालू असतानाच शेतीची लाइट आली. बबननं जनरेटर बंद केला आणि एकदम इतकी शांतता झाली की पाटाचं पाणी ऐकू यायला लागलं. त्या शांततेत मी म्हणालो, "बबन, माझं बटण वर कर. पार शेवटपतुर. शैला, तू पेटीवर नुसता सूर धर, तोंड उघडायचं न्हाय. तात्या, तुमी बांधावर जावा."

"मी न्हाय जायचा."

"जावा."

तात्या गेले. गुडघा धरलेला, हातात फोन, एकेक सरी ओलांडत. एवढं अंतर त्यांनी कधी एकट्यानं चाललेलं मी पाहिलं नव्हतं. ते बांधावर पोचून वळेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता उभे होतो. मग त्यांनी हात वर केला.

मी माइक ओठाला टेकवला. झिणझिणी आली नाही, तरी मी दचकलो. "लेक निघाली वाटंला," मी म्हणालो, आणि ट्रॉलीवरून माझा आवाज रानात गेला, तिथून वळून माझ्याकडं आला. तो कुणाच्यातरी काकांचा आवाज होता. पातळ, कोरडा, कडेला झिजलेला. ह्या माणसाला मी ओळखत नव्हतो. आतला तीस वर्षांचा आणि बाहेरचा हा, दोघं एकच ओळ म्हणत होते, आणि एका घरात दोन अनोळखी माणसं राहावीत तसं मला झालं. तरी गायलो. थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता. "दारी थांबली" इथवर आलो. बबननं ढोलकी थांबवली, तिथं ती थांबतेच. शैलानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं, दातांत घट्ट, सवयीनं सूर निघू नये म्हणून.

"सावली"वर मी वर गेलो. निम्म्या वाटेत आवाज फाटला. फाटला तो फाटलाच, सगळ्या रानाला ऐकू गेला, आणि मी तो खाली न आणता तसाच, फाटका, जेवढा वेळ श्वास पुरला तेवढा वेळ धरून ठेवला.

मग फोन लावला.

"तात्या, कसा येतोय?"

बांधावर तात्यांनी फोन ह्या कानावरून त्या कानाला लावला.

"वर फाटतोय, गड्या," तात्या म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

"आन्‌?"

"आन्‌ काय," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज धड राहिला नाही. "लई दिसांनी तुजा ऐकला."